कोल्ह्याची मिशी आणि आमचा मिक्सर

सात वर्षांपूर्वी एका कोल्ह्यावर विसंबून मी माझ्या धाकट्या लेकीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघाले होते. कोल्हा खरा असता तरी एक वेळ चाललं असतं. तो टीव्हीतला होता.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे तशी लहानच होते. (आता पासष्टीत अक्कल आली आहे असं मीच सगळ्यांना सांगते. दुसरं कोणी सांगत नाही.) थेरगावला आमचं घर. मुलगा-सून दोघंही नोकरीला, धाकटी माधुरी चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर, आणि पाच वर्षांची नात ओवी दिवसभर माझ्या ताब्यात. की मी तिच्या ताब्यात, तो वाद अजून मिटलेला नाही.

रोज पाच वाजता ओवीचं कार्टून लागायचं. एक जंगल, त्यात एक शूर खारुटा (खारूताईचा भाऊ म्हणा), आणि एक कोल्हा. कोल्हा रोज नव्या वेशात यायचा. सोमवारी डॉक्टर, मंगळवारी पोस्टमन, बुधवारी साधू. वेश रोज नवा, पातळ मिशी तीच! तरी सगळं जंगल रोज फसायचं. गाढव फसतं ते समजू शकते, पण चष्मा लावणारं घुबडसुद्धा फसायचं. आल्या आल्या कोल्हा गोड बोलायचा, मग विचारायचा, "मी काही मदत करू का?" आणि पंधराव्या मिनिटाला कुणाची तरी वस्तू घेऊन पसार.

आता मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेली बाई. हातात गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं की तो जॉब, म्हणजे तो सुटा भाग, रिजेक्ट, टाक लाल पेटीत. विचार करायचा नाही, दया दाखवायची नाही. त्या सवयीनं मी दुसऱ्याच मिनिटाला बोट दाखवायचे.

"हाच तो."

"आजी, सांगू नको ना!"

"सांगत नाहीये. पण हाच तो."

एकदाही चुकले नाही. (यात हुशारी किती आणि गोष्ट लिहिणाऱ्याचा आळस किती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.) तोच तो माल बघून चिडायचे, आणि पावणेपाचलाच निवडायची मेथी घेऊन टीव्हीसमोर बसायचे. खरं सांगायचं तर मला कोल्हाच आवडायचा. बिचारा रोज नवीन बेत आखायचा, वेश शिवायचा, एकटा राबायचा. खारुटा म्हणजे आमचा सुपरवायझर. शेवटच्या पाच मिनिटांत उगवायचं आणि टाळ्या घेऊन जायचं. पण आवडणं वेगळं आणि पास करणं वेगळं.

अशात एका रविवारी माधुरी म्हणाली, "आई, आमच्या कंपनीतला वैजनाथ येणार आहे. फक्त चहाला."

"फक्त चहाला येणाऱ्यासाठी तू पडदे धुतलेस?"

ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तू हो म्हणालीस तरच मी पुढे जाणार. तू नको म्हणालीस तर विषय संपला. खरंच."

हे गेल्यापासून आमच्या घरातलं चौकशी खातं माझ्याकडेच होतं. आता तर रिजेक्टचा शिक्काच हातात आला.

वैजनाथ आला. लातूरकडचा, उंच, शर्टला कडक इस्त्री. खाली वाकून नमस्कार केला आणि पोह्यांचा पहिला घास घेऊन म्हणाला, "लई भारी झालेत काकू." पोहे खारट झाले होते. मी स्वतः दोन घासांवर थांबले होते. मनात म्हटलं, जो खारट पोह्यांना भारी म्हणतो तो कशालाही काहीही म्हणेल.

मग त्यानं स्वतःची बशी स्वतः धुतली. संशय वाढला. तेवढ्यात चटणी वाटताना आमचा मिक्सर किंचाळून बंद पडला, आणि वैजनाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "काकू, मी काही मदत करू का?"

मी ओवीकडे पाहिलं, ओवीनं माझ्याकडे. मग लहान पोरं कुजबुजतात तशी, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ती कुजबुजली, "आजी, मिशी."

होती. पातळ होती.

त्यानं मिक्सर उलटा केला, आत डोकावला. "बुश खाल्लाय काकू, दांडी फिरते ती आतली कडी झिजलीये. रूमवर नेतो, परवा करून आणतो. हा माझा पत्ता." चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि मिक्सर काखेत मारून गेला. दार लागल्याबरोबर ओवी म्हणाली, "नेला."

माधुरीनं अधीर होऊन विचारलं, "कसा वाटला?"

"मिक्सर घेऊन गेला."

"आई, दुरुस्त करायला नेलाय."

"सगळे तसंच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण?"

अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनियर मुलीला कोण ते कसं सांगणार?

परवा उलटला, तेरवा उलटला. इकडे टीव्हीत कोल्ह्यानं माकडांची घंटा नेली, अस्वलाचा मध नेला. माधुरी म्हणाली, "त्याची सेकंड शिफ्ट चालू आहे गं, थांब जरा." शुक्रवारी मी थांबणं सोडलं. पत्ता खोटाच निघणार, आणि तसं एकदा डोळ्यांनी पाहिलं की माधुरीला 'नको' सांगायला मोकळी! ओवीचा हात धरला, रिक्षा केली आणि पुनावळ्याला गेले.

पत्ता खरा निघाला. इथेच माझी तयारी संपली. दार माझ्याच वयाच्या एका हसऱ्या बाईनं उघडलं. "या की. कुणीकडून आलाव?"

मी इतकी गडबडले की तोंडाला येईल ते बोलले. "आम्ही... पोलिओ डोसवाल्या. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का?"

बाईंनी शांतपणे ओवीकडे पाहिलं. "आमच्यात नाई. तुमच्याच हाताला हाय की एक."

"उन्हाचं आलाव, पाणी तर घ्या," म्हणत त्यांनी आम्हांला आत घेतलं. आत जमिनीवर वर्तमानपत्र, आणि त्यावर आमचा मिक्सर, आतडी बाहेर काढलेला.

"आजी, आपला मिक्सर!" ओवी ओरडली. मग बाईंकडे नीट बघून म्हणाली, "ही पण गोड बोलतीये. ही चोराची आई आहे का?"

बाईंचं हसू थांबलं. "कोन चोर?"

शहाण्या बाईनं इथे चक्कर आल्याचं सोंग केलं असतं. मी मात्र ताठ उभी राहून म्हणाले, "मिक्सर मुकाट्यानं परत द्या. आम्ही पोलिसांत जाणार नाही."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमी माधुरीच्या आई का?"

मी मान हलवली.

"मी वैजनाथची आई. येत्या रविवारी तुमच्याकडंच यायचं म्हणून गावाहून आले. पोरगा चार दिवस झाले, कामावर जायच्या आदी ह्येच घिऊन बसतोय. दोन बुश आनले, दोनी ढिले म्हणून फेकले. आज तिसरा बसला म्हणला."

मी खाली वाकले. बावीस वर्षांची खोड, हात आपोआप गेला. नवा बुश बोटानं हलवून पाहिला. केसभरही हलेना. बाजूला दोन नाकारलेले बुश पडले होते. माझ्या टेबलावर आले असते तर मीही ते लाल पेटीतच टाकले असते. त्या पोरानं माझ्या मिक्सरसाठी चार दिवस माझंच काम केलं होतं, आणि मी त्याला टीव्ही बघून नापास करायला आले होते.

बाईंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं: कोल्हा, खारट पोहे, मिशी. त्या हसल्या नाहीत. फक्त मध्ये एकदा विचारलं, "मग त्या कोल्ह्याचं काय होतंय?"

"पकडला जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो."

"आन तुमी रोज बघताव?"

"रोज."

चहा संपला तरी मला उठवेना. माधुरीनं पुढचं सगळं माझ्या एका शब्दावर सोडलं होतं, आणि तो शब्द आता माझ्या हातात राहिला नव्हता. शेवटी हात जोडले. "ताई, मूर्खपणा माझा आहे. त्याची शिक्षा माझ्या लेकीला देऊ नका. ती माझ्यासारखी नाही हो."

त्यांनी माझ्या हातातली कपबशी काढून घेतली, ओवीच्या मुठीत गुळाचा खडा दिला आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तिथे थांबून म्हणाल्या,

"लोक म्हणतेत, आई बघून लेक करावी. आमी तसलं काई मानत नाई बघा. रविवारी येतो."