हजार चंद्र आणि एक अर्धं तिकीट

गेल्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. रक्कम तीनशे साठ रियाल. हजर असलेले: मी, पत्नी वैशाली, मुलगी इरा आणि व्हिजिट व्हिसावर आलेले माझे वडील, नाना. त्या दिवशी मी एकच गोष्ट खरी बोललो, आणि तेवढ्यावरून अडतीस माणसं दोन तास उन्हात बसून राहिली. (डिसेंबरचं ऊन होतं, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.)

मी सौदी अरेबियातल्या हाइलमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात औषधांचं भांडार सांभाळतो. माझं निम्मं आयुष्य खोक्यावरच्या तारखा वाचण्यात गेलं आहे. आमच्या कामात एक साधा नियम आहे. एकाच मालावर दोन तारखा दिसल्या, तर जी आधी संपते ती धरायची. या नियमाने मी सतरा वर्षांत एकही जुनी गोळी कुणाच्या पोटात जाऊ दिलेली नाही. नियम औषधांसाठी आहे, हे मात्र मला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलची कर्मचारी कल्याण समिती वर्षातून दोनदा कुटुंबांसाठी सवलतीची सहल काढते. या वेळी जुब्बा ठरलं होतं. वाळवंटातल्या डोंगरावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली उंटांची आणि माणसांची चित्रं. बस, वाटाड्या, जेवण, प्रवेश, सगळं धरून मोठ्यांना एकशेवीस रियाल. साठ पूर्ण झालेल्यांना आणि बारा पूर्ण न झालेल्यांना निम्मे. शिवाय बाराच्या आतल्या मुलांना वाळूच्या टेकडीवरून फळीवर बसून घसरायला मिळणार होतं.

नाना सटाण्याच्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवत होते. त्यांना उंट पाहायचे होते. इराला घसरायचं होतं. पत्रक आल्या दिवसापासून तिने फ्रिजवर कागद लावून दिवस खोडायला सुरुवात केली होती. जुब्बाला जायचं ठरण्याची ती तिसरी वेळ. पहिल्यांदा तिला ताप आला होता, दुसऱ्यांदा मला ड्यूटी.

"पप्पा, नेक्स्ट टाइम मी बाराची होणार. मग नो स्लाइड," तिने मला बजावलं होतं. "दिस इज द लास्ट चान्स."

सकाळी नऊला आम्ही बसमध्ये. नाना कानटोपी घालून खिडकीशी, इरा त्यांच्या शेजारी. वाटाड्या अबू नासिर, पन्नाशीचा, पोट सुटलेला, हसरा माणूस. तीस वर्षं आपल्या लोकांबरोबर काम करून त्याने स्वतःची एक हिंदी तयार केली होती. त्याने सहीसाठी यादी फिरवली. "यल्ला, साइन करो, हम जायेगा!"

यादी माझ्या हातात आली. कुठलाही कागद वाचल्याशिवाय मी सही करत नाही. (लग्नाच्या रजिस्टरलाही मला चार मिनिटं लागली होती. वैशाली ते अजून विसरलेली नाही.) कार्यालयाने यादी इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, आणि व्हिसाच्या नोंदीवरून केली होती, त्यामुळे सगळ्या जन्मतारखा हिजरी होत्या. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. बारा महिने चंद्राचे, अधिक महिना नाही. त्यामुळे ते आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी छोटं.

मी सहज हिशेब केला. इंग्रजी तारखेने इरा अकरा वर्षं, आठ महिने, चोवीस दिवसांची. हिजरीने बारा वर्षं, एक महिना, चार दिवसांची!

मालावर दोन तारखा होत्या. मी उभा राहिलो.

"अबू नासिर, एक चूक आहे. माझ्या मुलीला बारा पूर्ण झालेत. तिचं पूर्ण तिकीट घ्या."

"अहो," वैशाली हळूच म्हणाली, "खाली बसा."

"पप्पा, प्लीज! सिट डाउन!" हे हळू नव्हतं.

अबू नासिरने इराकडे पाहिलं. "ये? ये तो बच्चा है. मुश्किल माफी." म्हणजे, काही अडचण नाही.

"मुश्किल आहे. तुमच्याच कागदावर आहे." मी कागद पुढे केला. साठ रियालही पुढे केले. तो घेईना. मी त्याच्या सीटसमोर ठेवले, त्याने उचलून माझ्या खिशात घातले, मी पुन्हा ठेवले. असं तीनदा झालं.

मागच्या सीटवर दाऊदभाई होते. आमच्या एक्सरे विभागातले, दापोलीकडचे. त्यांचे जुळे मुलगे इराच्याच वर्गात. त्यांनी मान वर काढली.

"ओ देवरे, काय चाललंय काय?"

"हिजरीप्रमाणे बारा झालेत, दाऊदभाई. तुमच्या दोघांनाही झालेत," मी म्हणालो. माहिती म्हणून सांगितलं. मनात दुसरं काही नव्हतं.

"अस्सं? मुसलमान मी, नि हिजरी तुम्ही शिकवताय होय?" सगळी बस हसली. "माझी पोरं इंग्रजी तारखेची हायत. हॉस्पिटलात जन्मली, सर्टिफिकेट इंग्रजी, शाळा इंग्रजी. तुम्ही औषधं तपासा हो, पोरं कशाला तपासताय?"

इथे मी बसायला हवं होतं. पण नियम सगळ्यांना सारखा हवा, आणि फायद्याची बाजू लपवणं हेही खोटंच. म्हणून मी मोठ्याने सांगितलं, की याच हिशेबाने काहींना सवलतही मिळते. उदाहरणार्थ, लीलाम्मा सिस्टर. इंग्रजीने अठ्ठावन्न, हिजरीने साठ पूर्ण. त्यांचे साठ रियाल वाचतात!

लीलाम्मा सिस्टर केरळच्या. बावीस वर्षं हॉस्पिटलात, आणि डॉक्टरही त्यांना घाबरतात. त्या सावकाश वळल्या.

"साठ? कौन साठ?"

"सिस्टर, कागज पे..."

"कागज खाओ तुम! मैं पूरा पैसा देगी. डबल देगी. लेकिन साठ नहीं!"

मग कुणी आपलं वय मोजायला लागलं, कुणी नवऱ्याचं. एका बाईंना आपण पन्नाशी ओलांडल्याचं तिथेच कळलं आणि त्यांनी नवऱ्याशी बोलणं थांबवलं. (त्याचा काय दोष? पण तो जवळ होता.) ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. शेवटी अबू नासिरने माझे साठ रियाल घेतले, यादीत इराच्या नावापुढे माझ्यासमोर 'मोठी' अशी नोंद केली आणि दोन्ही हात वर केले. "खलास! अब जायेगा?"

उशीर बेचाळीस मिनिटं.

दीड तासाचा रस्ता. जुब्बाच्या फाटकाशी आम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. रखवालदार शुक्रवारच्या नमाजासाठी अकराला कुलूप लावून गेला होता. आता फाटक एक वाजता उघडणार.

दहा मिनिटं! दाऊदभाईंनी फक्त घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. अबू नासिर आणि नमाजाला जाणारे पुरुष मशिदीकडे गेले. बाकीचे डोंगराच्या जेमतेम सावलीत सतरंज्या टाकून बसले. आम्हाला सतरंजीवर जागा होती, पण कुणी 'या' म्हटलं नाही.

इरा बसच्या पायरीवर बसली होती. रडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रिजवरचा कागद घडी करून सोबत आणला होता. तो तिने बाहेर काढला आणि शेवटचा चौकोन पेनने नीट खोडला.

"इरा, मी अबू नासिरला सांगतो. तू जा घसरायला."

"नो, पप्पा." आवाज अगदी सपाट. "मी मोठी आहे. लिहिलंय. नॉट अलाउड."

वैशालीने मला बाजूला घेतलं. "दर महिन्याला शाळेचा फॉर्म भरताना तुम्ही तिला सांगता, खोटं लिहायचं नाही. तिने ऐकलंय तुमचं. आता बसा."

मी बसलो. मला त्या वेळी जे वाटलं ते सांगतो. माझं गणित बरोबर होतं. तपासून पाहा, आजही बरोबर आहे. पण बरोबर असण्याने आतून जे समाधान मिळतं, ते त्या दिवशी कुठे सापडेना. पुढल्या मार्चमध्ये ती बारा पूर्ण करणार होती. म्हणजे लहानपणाचे साधारण शंभर दिवस तिच्या नावावर शिल्लक होते, आणि ते मी भर बसमध्ये, साठ रियाल देऊन, कमी केले होते.

नाना काठी टेकत पायरीपाशी आले. नातीशेजारी बसले. त्यांच्या हातात ती यादी होती.

"इरा, हे बापाचं गणित मला जमत नाही. माझं वय काढ बरं."

"आजोबा, नॉट नाऊ."

"काढ गं. मोठी झालीस ना?"

तिने यादी घेतली. ओठ हलवत मोजलं. (मोजताना ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते. बिचारी.) "त्र्याऐंशी वर्षं, चार महिने, चोवीस दिवस."

"म्हणजे चंद्र किती पाहिले मी?"

"एका वर्षाला बारा. त्र्याऐंशी गुणिले बारा... नऊशे शहाण्णव. प्लस चार." ती थांबली. "आजोबा, एक्झॅक्टली वन थाउजंड!"

मी मान वर केली. नानांचं सहस्रचंद्रदर्शन आम्ही भावाच्या घरी, एक्याऐंशी पूर्ण झाल्यावर करायचं ठरवलं होतं. हॉल पाहून ठेवला होता. आणि हजारावा चंद्र चोवीस दिवसांपूर्वीच, हाइलच्या आमच्या गॅलरीवरून, कुणालाही न विचारता निघून गेला होता! सगळ्या बसची वयं काढली मी, पण स्वतःच्या बापाचं काढलं नव्हतं. त्यांचं तिकीट दोन्ही तारखांनी अर्धंच होतं, मग मोजायचं कशाला?

वैशालीने तिथेच त्यांना वाकून नमस्कार केला. दाऊदभाईंना कारण कळलं तसे तेही उठून आले, नानांचे दोन्ही हात हातात घेतले. "मुबारक हो, नाना." लीलाम्मा सिस्टरनी डब्यातला केळ्याचा काप नानांच्या तोंडात घातला. आम्हाला सतरंजीवर बोलावणं आलं. (नानांना आलं. आम्ही मागोमाग गेलो.)

एकला फाटक उघडलं. नानांनी कोरलेले उंट पाहिले. एका उंटासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मागचा पाय चुकलाय. पण मान बघ, मान! अशी मान मला चौतीस वर्षांत जमली नाही."

मग सगळे टेकडीशी आले. जुळे घसरले, बाकीची पोरं घसरली. इरा मागे हात बांधून उभी. अबू नासिरने दोनदा बोलावलं. ती मान हलवून नाही म्हणाली.

नाना पुढे झाले. काठी माझ्या हातात दिली. "अबू नासिर, हमको फळी दो."

"बाबा, ये बारा साल के नीचे का है!"

"मेरा हजार चंद्र पूरा हुआ. अब फिर एक से गिनती. मैं चोवीस दिन का बच्चा है." मग ते माझ्याकडे वळले. "देवरेसाहेब, हिशेबात चूक आहे का?"

मी तपासलं. चूक नव्हती.

"पण एवढं तान्हं बाळ एकटं कसं सोडायचं? बरोबर कुणीतरी मोठं हवं." त्यांनी इराकडे हात केला. "कागदावर लिहिलेलं मोठं."

"नाना, तुमची कंबर!" वैशाली ओरडली. तोवर इरा धावत फळीवर पुढे बसली होती आणि नानांनी तिला मागून घट्ट धरलं होतं. अबू नासिरने दोघांना हलकेच ढकललं. पंधरा-वीस फूट, संथपणे, कानटोपीसकट. खाली पोचून दोघं आडवी झाली. मग वाळूतून आधी इराचं हसू ऐकू आलं, आणि त्यावर खोकत खोकत नानांचं.

"पुन्हा!" नाना म्हणाले.

ती दोघं चार वेळा घसरली. मी मोजलं.

परतताना अबू नासिरने माझ्या हातात साठ रियाल ठेवले. "दो साल के नीचे फ्री," तो गंभीरपणे म्हणाला आणि नानांकडे बोट दाखवलं. मी तोंड उघडलं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

आता शेवटचा जमाखर्च. सहलीचे तीनशे साठच राहिले. वाटेत चहावाल्याला, ड्रायव्हर धरून अडतीस चहांचे, शहात्तर रियाल मी दिले. खोळंब्याचा दंड म्हणून. दाऊदभाई दोन चहा प्यायले. त्या एकोणचाळिसाव्या चहाचे पैसे त्यांच्याकडे मागूनही मिळाले नाहीत, म्हणून आणखी दोन.

आणि घरी आल्यावर इराने माझ्यासमोर कागद ठेवला. हिजरीने बारावा वाढदिवस महिन्यापूर्वी झाला, भेट मिळाली नाही, बाकी रुपये नव्हे, रियाल शंभर. मी निमूटपणे दिले. तिने पावती लिहिली, सही केली, दोन्ही तारखा घातल्या. हिजरी तारीख एका दिवसाने चुकली होती.

मी ती पाहिली. पावती घडी करून खिशात ठेवली, आणि एक ग्लास पाणी प्यायलो. मग दुसरा प्यायलो. काही बोललो मात्र नाही.