लाईनमनला शॉक

बाबा भातकुलीकडच्या खेड्यांत लाईनमन होते. चौतीस वर्षं खांबावर चढलो, पण एकदाही शॉक बसला नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवत. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांची छाती धडधडू लागली. अमरावतीच्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी पाहिली आणि म्हणाले, ठोके वेडेवाकडे पडताहेत, गोळ्यांनी ताळ्यावर येत नाहीत, तर आता शॉक देऊन पाहू.

बाबा माझ्याकडे वळले. "पोरी, हे काय बोलून राह्यले?"

आधी तीन आठवडे रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. तेवढ्यात बातमी गावोगाव पोचली. ती भारनियमनाची वर्षं होती. विहिरीत पाणी असून कपाशी वाळायची, आणि त्याच्या शिव्या नोकरीत असताना बाबांनीच खाल्लेल्या. आता तेच लोक संत्री घेऊन भेटायला येऊ लागले. शेजारच्या गावचे एक चाचा खाटेशी बसून फार गंभीरपणे म्हणाले, "आमच्या मोटरीले लाईन नाई, अन् तुमी अंगात घेऊन राह्यले. वशिला हाय बा तुमचा."

बाबा हसले नाहीत. घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं.

ठरल्या सकाळी, उपाशीपोटी, त्यांनी डॉक्टरांचीच उलटतपासणी घेतली.

"किती व्होल्ट?"

"आम्ही ज्यूलमध्ये मोजतो, काका."

"अर्थिंग कोनं पाह्यलं?"

"मशीन बॅटरीवर चालतं."

"चार्ज हाय का?"

डॉक्टरांनी मशीनवरचा चार्जिंगचा दिवा दाखवला. मग बाबांनी नर्सबाईंना खाटेपासून लांब उभं राहायला बजावलं, आणि झोपेच्या इंजेक्शनानं पुढचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

दाराबाहेर आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. थोड्याच वेळात आत बोलावलं. पडद्यावर ठोके सारख्या अंतरानं चालले होते. आई पदरात रडली. बाबांनी डोळे उघडले.

"कधी देता मंग?"

"झालं, काका."

"मले तं काईच समजलं नाई," ते म्हणाले, जरा हिरमुसूनच.

दीड वर्ष ठोके नीट राहिले, मग पुन्हा बिघडले. या खेपेला शॉकची तारीख बाबांनीच मागून घेतली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी जेवायला परवानगी दिली, तेव्हा आईच्या डब्यातली वांग्याची भाजी आणि भाकर त्यांनी वॉर्डातच संपवली, आणि संध्याकाळच्या एसटीनं आम्ही घरी आलो.