मावशीची मामी

कृष्णात आकाराम जगदाळे बोलण्याच्या बाबतीत पहिल्यापासून कंजूष. दिवसाकाठी पंधरा-वीस शब्दांत त्याचं भागायचं, आणि त्यातले निम्मे तरी बैलांशी बोलण्यात जायचे. असल्या माणसाच्या तोंडून गावभर गाजावा असा एक शब्द निघाला, तो सतराव्या वर्षी, भाऊबीजेच्या दिवशी, आणि तोही काखेत कांदा असताना.

कराडजवळच्या मलकापुरापासून दीड कोसावरच्या त्यांच्या वाडीत बिननात्याचं माणूस कुणाला सोसतच नसे. बांगड्या भरायला कासार आला की तो मामा, मुक्कामाच्या एसटीचा ड्रायव्हर दाजी. त्यामुळं नाथाजी सुभेदार पलटणीतून पेन्शन घेऊन, पाटणकडच्या भावकीला कंटाळून, वाडीत रान घेऊन राहायला आले, तेव्हा बायकांपुढं पहिला प्रश्न पडला तो यांना काय म्हणायचं हाच. कृष्णातच्या आईनं, राहीबाईनं, तो पाणवठ्यावरच सोडवला. सुभेदारांच्या बायकोनं हंडा खाली ठेवायच्या आत हिनं तिचं माहेर विचारून घेतलं. हरणाबाईचं माहेर निघालं औंधाशेजारचं. राहीबाईचंही तिकडचंच. दोघींची देवी यमाई. झालं!

"म्हंजी आपून भैणीच की गं!" राहीबाई म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी अकरा वर्षांच्या कृष्णातला सुभेदारांच्या दारात उभं करून मावशीच्या पाया पडायला लावलं. मावशीनं हातावर गुळाचा खडा ठेवला. कृष्णातला नातं पसंत पडलं.

सुभेदारांना दोन मुलं. थोरला अर्जुना पुढं बापासारखाच पलटणीत गेला. धाकटी शालू, कृष्णातच्या वर्गात. आता मावशीची पोरगी म्हणजे बहीण. तेच मामाची पोरगी असती तर गोष्ट वेगळी. मामाच्या पोरीवरून आपल्याकडं पोराला पाळण्यात असल्यापासून चिडवतात, आणि पुढं खरोखरच लग्न लावून मोकळे होतात. मावशी आणि मामी या दोन शब्दांत एवढं अंतर आहे, हे अकराव्या वर्षी गुळाचा खडा चोखणाऱ्या पोराला कुठून कळणार?

उलट मावशीमुळं फायदाच झाला. हायस्कूल कराडात. वाडीतल्या पोरींना एवढ्या लांब कोण धाडतंय? पण शालूला धाडलं, कारण सोबतीला मावसभाऊ होता. रोज तिघं निघायचे. कृष्णात, त्याचा जिवाभावाचा दोस्त जालिंदर आणि शालू. कृष्णातकडं वडिलांची जुनी सायकल होती. तिच्यावर तिघांची दप्तरं लादायची आणि चालत जायचं. जालिंदर हा गुळव्याचा पोरगा. गुऱ्हाळात काहिलीवर बाप जेवढी राखण करी, तेवढीच पोराच्या जिभेला मोकळीक होती. वाटभर तो बोलायचा, शालू त्याला खोडून काढायची आणि कृष्णात सायकल ढकलायचा. कुणी पारावरनं विचारलं, "पोरगी कुणाची रं?" तर उत्तर तयार होतं, "मावसभैण हाय." विषय मिटायचा.

बिघडलं ते मॅट्रिकच्या वर्षी. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून रानं हिरवी झाली होती. श्रावणातल्या एका सकाळी वाटेत सायकलची चेन निसटली. जालिंदरनं नुसती नावं ठेवली. शालू मात्र रस्त्यातच उकिडवी बसली, चेन दात्यांवर चढवली आणि मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले. काळ्या वंगणाचा एक फराटा भुवईपासून केसांपर्यंत उठला. कृष्णातनं तो पाहिला. सांगावं असं मनात आलं, पण तोंड उघडेना. अख्खी वाट तो त्या फराट्याकडं बघत चालला.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर शालू तावातावानं आली.

"कपाळाला काळं लागल्यालं तुला दिसत हुतं का न्हवतं?"

"हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस? समदा वर्ग हसला मला."

"बरं दिसत हुतं," कृष्णात म्हणाला.

हे काही त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. पण शब्द गेला तो गेला. जालिंदरची शीळ अर्ध्यात थांबली.  शालूनं कानापर्यंत लाल होऊन हँडलवरचं आपलं दप्तर ओढून घेतलं आणि तरातरा पुढं निघाली. त्या दिवसापासून ती दहा पावलं पुढं चालू लागली. पण अकरावं पाऊल तिनं कधी पडू दिलं नाही, हे जालिंदरनं बरोबर हेरलं.

कृष्णातची पंचाईत मात्र निराळीच झाली. त्याला मावशी म्हणता येईना. हरणाबाईकडं घमेलं मागायला गेला तर दारात उभं राहून, "आवं... त्ये... घमेलं."

"तोंडात गूळ धरलायस व्हय रं? मला काय नावगाव न्हाई?" हरणाबाई हसली.

कृष्णात घमेलं न घेताच घरी आला.

जालिंदरनं त्याला विहिरीच्या थारोळ्यावर बसवून सरळ विचारलं, "शालू आवडती न्हवं?"

कृष्णातनं मान हलवली.

"मग मावशीला मामी म्हन. एका शब्दाचं काम."

"आन मग शाळंला तिला माझ्यासंगं कोन धाडंल?"

 खरंच होतं ते. भाऊ म्हणून राहिलं तर शालू रोज दिसणार, पण बहीण म्हणून. आणि भाऊपण टाकलं तर वाटच बंद. इकडं आड, तिकडं विहीर. कृष्णातनं आपल्या स्वभावाला शोभेल तोच मार्ग धरला. गप्प बसला.

तसा तो जन्मभर बसला असता, पण दिवाळीच्या तोंडावर अर्जुनाचं पत्र आलं. रजा मंजूर झाली नव्हती. दर भाऊबीजेला अर्जुना यायचा, यंदा शालूचा पाट रिकामा राहणार म्हणून हरणाबाईनं डोळ्याला पदर लावला. राहीबाईचं काळीज विरघळलं.

"रडतीस कशापायी? माझा कृष्णात काय परका हाय? औंदा त्याला ओवाळू दे पोरगी."

हे कृष्णातनं जेवताना ऐकलं. हातातली भाकरी त्यानं ताटात परत ठेवली. आजवर भाऊपण नुसतं तोंडी होतं. एकदा का कपाळाला टिळा लागला आणि शालूनं ताट ओवाळलं, की यमाई खाली उतरली तरी ते पुसता येणार नव्हतं.

"ताप आन," जालिंदर म्हणाला. "काखंत कांदा धरायचा. दोन तासांत अंग तापतंय. माझ्या चुलतभावानं परीक्षेला केल्यालं."

भाऊबीजेला पहाटेची आंघोळ झाल्यापासून कृष्णात दोन काखांत दोन कांदे धरून पडला. ताप काही येईना. हात अवघडले, सदऱ्याला वास मारायला लागला. शेवटी राहीबाईनं कपाळाला हात लावून बघितलं, "ढोंगं करतोयस व्हय!" म्हणाली आणि त्याला ओढत सुभेदारांच्या घरी नेलं. गडबडीत एक कांदा वाटेत पडला, दुसरा काखेतच राहिला. मजा बघायला जालिंदर मागं होताच.

सोप्यात पाटाभोवती रांगोळी घातली होती. सुभेदार खुर्चीवर ताठ बसून रेडिओच्या बातम्या ऐकत होते. कृष्णात पाटावर बसला.

"कांद्याचा कसला गं वास?" हरणाबाईनं नाक मुरडलं.

शालू ताट घेऊन आली. नवं परकर-पोलकं, खाली घातलेली मान. ताटातल्या सुपाऱ्या खडखड वाजत होत्या. ती पुढं वाकली आणि निरांजन विझलं. हरणाबाईनं परत लावलं. शालूनं ताट उचललं, परत विझलं. तिसऱ्यांदा काडी ओढल्यावर हरणाबाई वैतागली, "वारं न्हाई, वावधान न्हाई, आन इझतंय कसं?"

खाली बसलेल्या कृष्णातला मात्र दिसलं होतं. शालूचे ओठ हळूच गोल झाले होते. ती स्वतःच फुंकर घालत होती.

का घालत होती? त्याला ओवाळायचं नाही म्हणून, की अर्जुनाच्या जागी दुसरा कुणी नको म्हणून? कृष्णातला काही कळेना. पण एवढं कळलं की आता गप्प राहिलं तर आयुष्यभर गप्प राहावं लागेल. तो उठून उभा राहिला. काखेतला कांदा निसटून रांगोळीत घरंगळला.

"मला न्हाई ओवाळून घ्याचं, मामी."

 सुभेदारांनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"मामी?" हरणाबाई म्हणाली.

"मेल्या, मावशी हाय ती तुजी!" राहीबाई ओरडली.

"फिर से बोल," सुभेदार म्हणाले. पलटणीतला आवाज होता तो.

कृष्णातला पळून जावंसं वाटलं, पण पळाला नाही.

"मामी म्हनलो."

सुभेदारांनी त्याच्याकडं पाहिलं, कांद्याकडं पाहिलं, मग शालूकडं. शालू ताटात डोळे घालून उभी. सुभेदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण आवाज तसाच कडक राहिला.

"ठीक. मग आजपास्नं शालू पोरींच्या घोळक्यातनं शाळंला जाईल. मामीच्या लेकीसंगं वाटंनं हिंडायचं न्हाई. मॅट्रिक व्हायचं, नोकरीला लागायचं, मग बघू. समझा?"

"व्हय."

"आन ह्यो पाट?" हरणाबाई रडकुंडीला आली. "सणाचा रिकामा ठिवू?"

"मी हाय की, मावशी!" म्हणत जालिंदरनं टोपी सारखी केली आणि टुणकन पाटावर जाऊन बसला. शालूनं त्याला ओवाळलं, आणि या खेपेला निरांजन कसं सरळ जळत राहिलं.

वाडीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. राहीबाई मात्र आठ दिवस लेकाशी बोलली नाही. सहा वर्षं जपलेली बहीण पोरानं एका शब्दात हिरावून घेतली, असं तिला वाटत होतं. आणि कृष्णात? दिवाळीच्या सुट्टीनंतर तो सायकलवर एकच दप्तर अडकवून एकटा शाळेला जाऊ लागला. पुढं फर्लांगभर पोरींचा घोळका दिसे. त्यातून शालूनं एकदाही वळून पाहिलं नाही. त्याचा जीव पार उडून गेला. आपण मामी म्हणून मोकळे झालो, पण शालूला विचारलं कुणी? ती फुंकर आपल्याला नको म्हणून घातलेली असली तर? सोबत गेली, बहीण गेली, आणि हाती काय राहिलं?

"तू इचार की तिला," त्यानं जालिंदरला गळ घातली.

"मी आता भाऊ हाय तिचा," जालिंदर मोठ्या रुबाबात म्हणाला. "भावानं असलं निरोप न्ह्याचं नसत्यात."

मग एका रविवारी सकाळी राहीबाई सोप्यात बसून जोंधळे पाखडत होती. कृष्णात समोरच्या गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होता. शालू दारात आली. हातात रिकामी चाळण. एरवी ती गल्लीतूनच "मावशे!" करून हाळी द्यायची आणि तडक आत शिरायची. आज उंबऱ्याबाहेर थांबली. गोठ्याकडं तिनं पाहिलं नाही, पण तिथं कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पदर नव्हता तरी खांद्यावर हात नेऊन तिनं तो सारखा केल्यासारखं केलं आणि गोठ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"आत्या, हायसा का घरात?"

राहीबाईच्या हातातलं सूप थांबलं. हरणाबाई मामी झाली, तर तिच्या लेकीनं कृष्णातच्या आईला आत्याच म्हणायचं. आणि वाडीतल्या सगळ्या सुना सासूलाही आत्याच म्हणतात. गोठ्यात कृष्णातच्या हातातली बादली सुटली, पाणी म्हशीच्या पायाखालून वाहत अंगणात आलं. राहीबाईनं त्या पाण्याकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं, मग त्या पोरीकडं. मनात उरलासुरला राग तिला धरून ठेवता येईना.

"हाय की गं बाय," ती सरकून जागा करत म्हणाली. "भाईर का हुबी ऱ्हायलीस? आत ये."