मोजणीच्या दिवशी मोकळा रस्ता

आमच्या फाटकावर उड्डाणपूल झाला नाही, त्याचं निम्मं खापर मी नगरपालिकेवर फोडतो आणि निम्मं आमच्या वाडीच्या पाहुणचारावर. दोन्ही आठवले की आजही डोकं फिरतं.

वाडी रुळांच्या अलीकडे, शहर पलीकडे. बाजार, शाळा, सिव्हिल हॉस्पिटल, सगळं पलीकडे. गाडी यायची असली की फाटक पडणार, आणि दोन गाड्या लागोपाठ असल्या तर ते उघडायचं नावच नाही. चिऱ्याचे ट्रक, मासळीचे टेम्पो, एसटी, सगळे खोळंबून उभे. त्या रांगेत आठवड्यातून दोनदा रिक्षात माझी आई असायची, डायलिसिसला निघालेली. मशीनची वेळ हुकली की तिला दुपारपर्यंत ताटकळावं लागे. परतताना तिला मान धरवत नसे, तरी फाटकावर पुन्हा तेच.

एकदाचं नगरपालिकेनं पुलाच्या खर्चात आपला हिस्सा घालायचं मनावर घेतलं. आधी रहदारी मोजणार, मग पैसे. मोजायला माणसं येणार म्हटल्यावर वाडीची बैठक बसली, आणि ठरलं काय? साहेब येतायत, रस्ता कसा नीटनेटका दिसला पाहिजे! रस्ता झाडला, कडेनं चुन्याच्या रेघा मारल्या. खाणवाल्यानं ट्रक बाहेर काढले नाहीत. रिक्षावाल्यांनी रिक्षा देवळामागे लावल्या. मी घसा फोडून सांगत होतो, "अरे, गर्दीच तर दाखवायचीय त्यांना!" तर वाडीचे पुढारी म्हणाले, "पावण्यांसमोर शोभा करून घ्यायची काय?" कपाळ माझं!

आणि आई? तिचा डायलिसिसचा वार नेमका तोच. "साहेब लोकांच्या मध्ये आपली रिक्षा कशाला रे? उद्या जाव," म्हणून हटून बसली. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली होती.

मोजणारे दोघे आंब्याखाली बसले, पोहे खाल्ले, कोकम सरबत प्यायले आणि मोकळ्या रस्त्याचं कौतुक करून गेले. त्यांच्या साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं? नगरपालिकेची कचरागाडीसुद्धा रोज त्याच फाटकावर अडकते! पण कागदावर रहदारी नाही, म्हणून पूल नाही. पुलाचे पैसे चौकातल्या कारंज्याला गेले. रंगीत दिवे लावलेत त्याला. मला त्या चौकातून जाववत नाही.

ही बातमी रिक्षावाल्यानं सांगितली तेव्हा आम्ही फाटकावरच होतो. आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मला मोजलानीच नाय. परत येतील तेव्हा सांग हां. दिवसभर रिक्षात बसून इकडून तिकडं करीन."

परत कोणी आलं नाही. पुढे आई गेली. स्मशानही पलीकडेच. फाटक पडलेलं होतं. तिरडी खांद्यावर घेऊन आम्ही रांगेत उभे राहिलो. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.