सही करून दिलेला दिवाळी अंक

मी फटकळ म्हणून प्रसिद्ध होते, आणि ते मला आवडायचं.

कळव्याला राहायचे, कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि ठाण्याच्या एका साप्ताहिकात सदर लिहायचे, दिवाळी अंकांत कथाही. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. खाडीकाठच्या चिखलात रोज डेब्रिजचे ट्रक रिकामे होत होते आणि त्या भरावावर बिल्डिंगी उठत होत्या. हे कोणाच्या आशीर्वादाने चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी ते लिहिलं. नाव नाही घातलं, पण आमच्या भागातल्या नगरसेवकाची चाल, त्याचा पांढरा सफारी, बोलताना घड्याळाशी खेळायची सवय, सगळं घातलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्याची चार माणसं आमच्या बिल्डिंगखाली उभी राहून ओरडून गेली. मग त्याने सभेत सांगितलं, "बाईंनी पोरं शिकवावीत, राजकारण आमच्यावर सोडावं. आधी मला विचारायचं होतं, मी सगळी कागदपत्रं दाखवली असती." मी पुढच्या अंकात उत्तर दिलं, "लेखक कुणाला विचारून लिहीत नाही. चोराच्या मनात चांदणं, त्याला मी काय करू?"

हे वाक्य फार गाजलं. डोंबिवलीच्या एका व्याख्यानाला गेले तर लोकांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. पोस्टमन रोज पाच-सहा कार्डं आणून टाकायचा. 'तुम्ही आमच्या मनातलं बोलता', 'तुमच्यासारखी हिंमत हवी'. मी प्रत्येक कार्डाला उत्तर लिहायचे आणि खाली मोठी सही करायचे.

त्या ढिगात एक इनलँड लेटर आलं. लिहिणारे डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर होते. अक्षर सुरेख. त्यांनी लिहिलं होतं, 'नगरसेवकाबद्दल आपण लिहिलंत ते योग्यच. पण आपल्या कथांतली माणसं पुढारी नव्हेत. शेजारीपाजारी, कामवाल्या, भाजीवाल्या यांची सुखदुःखं आपण घेता. ती माणसं इतकी खरी वाटतात की ती असणारच. मग त्यांना आपण विचारलंत का?'

मी ते पत्र सदरात छापलं आणि खाली लिहिलं, 'मास्तरांनी जन्मभर वर्गाची हजेरी घेतली, आता माझ्या पात्रांचीही घ्यायची आहे. बाकावर उभं करू का सगळ्यांना?' वाचक हसले. संपादक फोनवर म्हणाले, "बाई, मास्तरांची विकेट काढलीत." मास्तरांचं पुन्हा पत्र आलं नाही.

आमच्याकडे मासे घेऊन एक कोळीण यायची. खाडीच्या कडेला, आमच्या कॉलनीपासून दहा मिनिटांवर तिचं घर. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. बोय, कोळंबी, कधी जिवंत चिंबोऱ्या. भावात घासाघीस केली की म्हणायची, "मास्तरीण हाय का वकील?" तिची मुलगी दहावीला होती, त्यांच्या घरातली पहिलीच शिकणारी. संध्याकाळी माझ्याकडे व्याकरण विचारायला यायची आणि जाताना कपाटातलं एक पुस्तक घेऊन जायची. मला 'बाई' म्हणायची. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती. चप्पल काढताना ती पाय मागे लपवायची.

लग्नाला नऊ वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. आम्ही दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. सासूबाईंना ते सांगितलं आणि घरात अबोला सुरू झाला. 'परक्याचं रक्त या घरात नको,' एवढंच त्या बोलल्या. मे महिन्यातली दुपार होती. मी दार उघडलं तेव्हा माझे डोळे सुजलेले असणार. मावशीने टोपली खाली ठेवली.

"काय गो बाय, तोंड का उतारलाय तुझा?"

मी तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. सासूबाई आत झोपल्या होत्या. मावशी उंबऱ्यात बसली, पाणी प्याली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "रगताचा काय घेऊन बसलीस? माझी पोर तरी माझ्या रगताची कुठं हाय?"

मग तिने सांगितलं. तिचा नवरा तेव्हा शहाडला कामाला होता आणि तिथे त्याने दुसरं घर केलं होतं. कानावर आलं तेव्हा ही भांडायला म्हणून तिथे गेली. खोलीत तो नव्हता. ती बाई होती आणि महिन्याभराचं मूल होतं. मूल रडत होतं आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "म्हनाली, घेऊन जा, मना नको. मी भांडायला गेलती गो. पोरीला टोपलीत घातली, वर माझा पदर टाकला नि निंगाली." तिथून ती थेट माहेरी गेली, वर्षभर राहिली आणि परत आली ती मुलगी घेऊनच. गावाला वाटलं माहेरी बाळंत झाली. पुढे नवराही परत आला, आणि वारला. त्यानेही हे कधी कुणाला सांगितलं नाही.

"हे माहेराभायेर आजवर कुनाला बोलली नाय मी. पोरीला पन नाय. तुला बोलली, तुझी हिंमत वाढावी म्हनून. आन तू लेकरू. बघ कसा चिकटतंय तुला."

मी मूल आणलं नाही. सासूबाईंच्या अबोल्यापुढे माझी हिंमत टिकली नाही. जी नगरसेवकापुढे टिकली ती घरात टिकली नाही. गोष्ट मात्र लिहिली. जून-जुलैत, एका झपाट्यात. मावशीला मी वसईकडची केलं, शहाडचं ठिकाण बदललं, नवऱ्याला ट्रक ड्रायव्हर केलं. ती जुळलेली बोटं तेवढी ठेवली. कथेतली आई बाळाचं दुपटं उघडते, ती दोन बोटं बघते आणि तिचा राग उतरतो, असं मी लिहिलं होतं. मावशी बोटांबद्दल काही बोललीच नव्हती. ते माझं होतं, म्हणून मला ते सोडवेना. खोडायला पेन उचललंही होतं एकदा. मग वाचून पाहिलं, बोटांशिवाय कथा पडत होती.

कथा दिवाळी अंकात आली. पत्रांचा पाऊस पडला. 'काय मोठ्या मनाची आई रंगवलीत!' मीही मनातल्या मनात स्वतःची समजूत घातली होती की मी मावशीचा गौरवच केलाय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशीची मुलगी फराळाचं घेऊन आली. टेबलावर अंक होता. "बाई, यात तुमची गोष्ट आहे ना? मला द्याल?"

इथे मी नेहमी अडकते. त्या क्षणी मावशीचं 'पोरीला पन नाय' मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी स्वतःला म्हटलं, पोर आहे, तिला काय कळतंय, आणि नाही म्हटलं तर उगीच संशय येईल. पण त्याहून खरं हे की ती माझी वाचक होती आणि माझी गोष्ट मागत होती. मी पेन काढलं, पहिल्या पानावर तिचं नाव घालून 'खूप शिक' असं लिहिलं आणि सही करून अंक तिच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी ती आली. चप्पल दारातच काढली, पाय लपवला नाही. अंक माझ्यासमोर धरला.

"बाई, ही मी आहे का?"

मी म्हटलं, "अगं, ही गोष्ट आहे. वसईकडची बाई आहे ती."

"आईला विचारलं. ती काही बोलत नाही. नुसती रडतेय. तुम्ही तिला विचारून लिहिलंत का?"

त्या वेळी तिचा हात धरायला हवा होता. पण सासूबाई बाहेर येऊन उभ्या होत्या आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "लेखक कुणाला विचारून लिहीत नाही."

ते उत्तर मी एका गुंड नगरसेवकासाठी शोधलं होतं. आता ते पंधरा-सोळा वर्षांच्या, पायात चप्पल नसलेल्या मुलीच्या तोंडावर मारलं. तिने अंक हळूच टेबलावर ठेवला आणि गेली. चप्पल दारातच राहिली. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले.

मावशी यायची बंद झाली. आठवड्याने दुसरी कोळीण आली, तिच्याकडून कळलं की मुलगी न सांगता शहाडला गेली होती, बाप पूर्वी कामाला होता तिथे, जन्म दिलेल्या आईला शोधायला. चार दिवस घरी नव्हती. चार दिवसांनी परत आली. सापडलं कोणीच नाही. बाप राहायचा ती चाळच पाडली होती.

मी मावशीकडे गेले, पण लगेच नाही. पंधरा दिवस लोटले. मधल्या काळात मी एका सत्कारालाही जाऊन आले होते, हेही सांगायला हवं. मावशीकडे गेले तेव्हा हातात तिच्या मुलीच्या चपला होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

मावशी अंगणात जाळं सुकवत होती. मला बघून उठली नाही, पण बस म्हणाली. आतून स्टुल आणवून दिलं. मुलगी घरात होती. स्टुल तिनेच दारापर्यंत आणून ठेवलं आणि आत गेली. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मला माफ कर." बोलताना मला रडू आलं.

ती जाळ्याच्या गाठी बघत राहिली. मग म्हणाली, "तू वाईट नाय लिवलीस. पोरीने वाचून दावली मना सगली. चांगलीच लिवलीस. पन ती मना आये बोलत नाय आता. काहीच नाय बोलत. भाकर वाढते, पानी देते, नुसती हाक नाय मारत."

मी म्हटलं, "मी बोलू का तिच्याशी?"

"नको." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "इथं आलीस, रडलीस, मी काय बोलली, ह्यो पन लिवशील तू."

ती रागाने बोलली नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती. आणि ती बोलली ते खरं ठरलं, आज मी तेच करते आहे.

सदर मी त्या मार्चमध्ये बंद केलं. संपादकांना प्रकृतीचं कारण दिलं. वाचकांची पत्रं आली, 'नगरसेवकाने दबाव आणला का?' एका गृहस्थांनी तर माझ्या बाजूने निषेधाचं पत्रक काढलं. मी ते खोडून काढलं नाही. घाबरून थांबले असं लोकांना वाटावं हे खऱ्या कारणापेक्षा सोपं होतं. मास्तरांना पत्र लिहायचं फार दिवस मनात होतं. पत्ता होता. एक दिवस लिहिलंही. ते गेलं तसं परत आलं, वर पोस्टाचा शेरा होता, 'मालक मयत'.

ती मुलगी मला नव्वदच्या दशकाच्या शेवटी भेटली, आमच्या कल्याणच्या शाळेत. बालवाडीच्या प्रवेशाला आपल्या मुलीला घेऊन आली होती. मी तिला ओळखायच्या आधी तिने मला ओळखलं. लग्न करून कल्याणलाच आली होती, एका दवाखान्यात हिशेब बघायची. फॉर्म भरून झाल्यावर मी तिला बाहेर व्हरांड्यात थांबवलं.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. गुडघे धरलेत. बाजार बंद केला तिने." मग ती म्हणाली, "दोन वर्षं मी तिला हाक मारली नाही, बाई. मग तिला टायफॉइड झाला, तेव्हा तोंडातून आपोआप निघाली. पण ती दोन वर्षं गेली ना."

मी म्हटलं, "वाचतेस की नाही अजून?"

"वाचते. तुमचं नाही वाचत."

तिची मुलगी व्हरांड्याच्या खांबाभोवती गोल गोल फिरत होती. तिला हाक मारून तिने बोटाला धरलं. मी म्हटलं, आईला सांग, बाई विचारत होत्या. ती म्हणाली, "सांगेन." आणि फाटकाकडे चालायला लागली. तिथे रिक्षा थांबली होती. तिने आधी मुलीला आत बसवलं, मग स्वतः बसली, आणि रिक्षा स्टेशनच्या दिशेने वळली.