क्यूट परीचा पत्ता

दुकान चालवायला लागलं की किस्से आपोआप साठतात, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. मी आणि माझी नणंद माया थेरगावात कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतो. मूळच्या सोलापूरकडच्या, त्यामुळे हात बसलेला. गेल्या दोन वर्षांत तर इतकं साठलंय की शेजारीण म्हणते, "भाकरीसोबत एकेक किस्सा पुडीत बांधून द्या!"

सुरुवात झाली एका रीलमुळे. माया रील बनवण्यात उस्ताद. आमचं सगळं गिऱ्हाईक सोशल मीडियावर, ऑर्डरीही तिथंच. एकदा तिनं गुडघ्यावर भाकरी मोडली, कडाड्! आणि वर लिहिलं, 'एका फटक्यात तुकडे करा!'

सकाळी अकाउंट बंद. कारण? हिंसक मजकूर!

माया रडकुंडीला आली. "वहिनी, चार वर्षांचं गिऱ्हाईक गेलं!" मी तक्रारीचा फॉर्म भरला. उत्तर आलं, 'ही कारवाई लोकांच्या सुरक्षेसाठी आहे.' म्हणजे आमच्या भाकरीपासून!

त्या दिवशीची पाकिटं तर तयार होती. गिऱ्हाईक संध्याकाळी डांगे चौकात येऊन घेऊन जायचं. कुणाचा नंबर नाही, पत्ता नाही. पाकिटांवर फक्त अकाउंटवरची नावं. रॉयल भाऊ, क्यूट परी असली!

मायानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'क्यूट परी, तुझी भाकरी इथे आहे', आणि चौकात उभी राहिली. दहा मिनिटांत एक पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे गृहस्थ हेल्मेट काढत पुढे आले. इकडेतिकडे बघत कुजबुजले, "मीच. अकाउंट मुलीचं आहे. तुम्ही तो पुठ्ठा आधी खाली घ्या!"

दुसऱ्याच दिवशी जाड वही आणली. येईल त्याला विचारून नाव, नंबर, पत्ता लिहून घ्यायचा. निगडी प्राधिकरणातले एक रिटायर्ड काका तडकले. "नंबर कशाला? आधार कार्डही देऊ का?" मी अकाउंटची सगळी कथा सांगितली. काका पाकीट उचलून चालू लागले.

आठवड्यानं स्वतःच हजर! घरोघर विचारून आख्ख्या सोसायटीची यादी केलेली, तीही शेरे मारून. 'एकशेचार: तिखट चालेल. दोनशेएक: दर शनिवारी. तीनशेदोन: इच्छा आहे, दात नाहीत.'

तीनशेदोनसाठी आम्ही भाकरीचा चुरा काढला. आता दुकानात तोच सगळ्यात आधी संपतो!

कुरुळीतल्या एका कंपनीच्या गेटवर धुमाळमामा वॉचमन आहेत, तिथलेच गाववाले. मी विचारलं, "मामा, गेटवर आमचं पत्रक लावू का?"

"न्हाई. हितं कागद चिकटवायला बंदी हाय."

मी त्यांना एक पाकीट खायला देऊन परत आले. चार दिवसांत कुरुळीतून फोनवर फोन! जाऊन बघते तर शिफ्ट सुटलेली, मामा एकेकाची बॅग तपासतायत आणि विचारतायत, "थेरगावच्या ताईची भाकरी खाल्ली का न्हाई? नंबर दिऊ?"

"मामा, बंदी होती ना?"

"कागदाला हाय. तोंडाला न्हाई!"

मध्यंतरी अकाउंट परत मिळालं. मायानं त्यावर एकच फोटो टाकला, दुकानाच्या पाटीचा, फोन नंबर नीट दिसेल असा. म्हणाली, "तिथं आता पाहुण्यासारखं जायचं, वहिनी. मुक्काम नाही करायचा!"

मग मायाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. पंधरा दिवस दुकान बंद. वहीतल्या सगळ्यांना कारण आणि हॉस्पिटल सांगून मेसेज केला खरा, पण मनात धाकधूक. एवढं जमवलेलं गिऱ्हाईक आता दुसरीकडे वळणार!

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला वॉर्डाबाहेर गिऱ्हाइकांची ही रांग! नर्सबाई वैतागल्या. "ह्या निवडणुकीला कुठून उभ्या आहेत?" मायाला हसू आवरेना आणि टाके हसू देईनात.

रांगेत सगळ्यात शेवटी कुरुळीच्या कंपनीच्या युनिफॉर्ममधले एक दादा होते. फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले. त्यांनी बॅगेतून पुडकं काढून मायापुढे ठेवलं. कडक भाकरी. पण दुसऱ्याच दुकानाची!

माझा चेहरा पडला. "दादा, तिला अजून पातळच खायचंय," मी म्हटलं.

"खायला न्हाई आणली, ताई. दाखवायला आणली. तुमी बंद असल्यावर आमी काय खातोय, ते एकदा बघून घ्या!"