शेवटची बोट

हॅम्बर्गच्या बागेतल्या तळ्यात एक म्हातारे गृहस्थ दर रविवारी स्वतः बनवलेल्या बोटी सोडतात. पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने ज्या बोटींवर नोकरी केली, त्या सगळ्यांच्या प्रतिकृती, क्रमाने. प्रत्येक आधीपेक्षा मोठी, शेवटची मात्र बंदरात जहाजं ओढणारी चिमुकली टग.

“शत्रूचा झेंडा कशाला?” एकाने त्यांना हटकलं. त्यांनी बोटीवरचा ओला ब्रिटिश झेंडा बोटांनी सरळ केला.

मी विचारलं, “शेवटची एवढी लहान का?”

“बुडणाऱ्या जर्मनांसाठी थांबायचं नाही, असा हुकूम होता. हा अधिकारी थांबला, त्यांना वर काढलं. मग बढती कसली? टगवर धाडलं त्याला. आल्झो, म्हणजे असं की, त्या पाण्यात माझे आजोबा होते. लग्न अजून व्हायचं होतं त्यांचं.”

आणि टग त्यांनी सगळ्या युद्धनौकांच्या पुढे सोडली.